पायऱ्यांवरची घोषणा, पटलावरचा कागद

सरकारी रुग्णालयात औषध मिळत नाही, शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे, मुक्कामी एसटी बंद झाली, धरण बांधले पण पाटाला पाणी आले नाही. महाराष्ट्रात विरोधी पक्ष सरकारला धारेवर धरतात ते बहुधा अशाच गोष्टींवरून. या टीकेचा बराच भाग भाषणांत आणि बातम्यांत विरून जातो. थोडा भाग मात्र सरकारी फायलींपर्यंत पोहोचतो, मंत्र्याला उत्तर द्यायला लावतो आणि क्वचित एखाद्याचे मंत्रिपदही धोक्यात आणतो. कोणती टीका कुठवर पोहोचणार हे आवाजाच्या चढउतारावर फारसे ठरत नाही. ती कोणत्या आयुधातून केली, आणि तिच्या पाठीशी सरकारचाच कागद आहे की नाही, यावर ते अधिक ठरते.

राज्यघटनेच्या कलम 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते. म्हणजे सार्वजनिक आरोग्य खात्याच्या कारभाराबद्दल केवळ आरोग्यमंत्री नव्हे, तर सगळे सरकार जाब देण्यास बांधील असते. कलम 194 प्रमाणे सभागृहात आमदार जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर न्यायालयात खटला चालवता येत नाही. या दोन कलमांमुळे सभागृहात केलेली टीका आणि चौकातल्या सभेत केलेली टीका यांत मोठा फरक पडतो. सभागृहातल्या टीकेला उत्तर द्यावे लागते आणि ते कार्यवृत्तात छापले जाते.

अधिवेशनाची सुरुवात चहापानाने होते. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात, मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर आणि नागपुरात रामगिरीवर. विरोधक त्यावर बहिष्कार घालतात, पत्रकार परिषद घेतात आणि सरकारच्या अपयशाची यादी असलेले पत्र मुख्यमंत्र्यांना पाठवतात. सत्ता कोणाचीही असो, हा क्रम सहसा चुकत नाही. कालपर्यंत बहिष्कार घालणारे आज यजमान झाले की विरोधकांनी चर्चेला यायला हवे होते असे सांगतात. बहिष्काराची बातमी नवी राहिलेली नसली तरी ते पत्र वाचण्यासारखे असते, कारण पुढच्या दिवसांत कोणते विषय निघणार याची ती पहिली यादी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरे विधानभवनाच्या पायऱ्यांवर असतात. कांद्याच्या माळा, गाजरे, रिकामे हंडे, फलक आणि यमक जुळवलेल्या घोषणा तिथे पाहायला मिळतात. हे चित्र संध्याकाळच्या बातम्यांत दिसते, आणि मतदारसंघातल्या लोकांना आपला आमदार भांडतो आहे एवढे कळते. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची झोप मात्र त्याने उडत नाही. ती उडते तारांकित प्रश्नाने.

कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात तो तारांकित. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. सरकारी कचेऱ्यांत या साऱ्याला एकच नाव आहे, ‘एलएक्यू’. विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाकडे येतो, कक्ष अधिकारी तो जिल्ह्याला पाठवतो, आणि जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा शिक्षणाधिकारी इतर कामे बाजूला ठेवून माहिती जमवायला बसतो. तालुक्याच्या अर्जाला सहा महिन्यांत न मिळालेली माहिती एलएक्यूला काही दिवसांत मिळते.

या प्रश्नांची भाषा साच्यातली असते. अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरेही ठरलेली असतात. ‘हे खरे आहे’ दुर्मीळ. ‘हे खरे नाही’ मुबलक. ‘अंशतः खरे आहे’ हे सर्वांत बोलके, कारण त्यात सरकार काहीतरी कबूल करते आणि किती ते सांगत नाही. विलंबाच्या कारणांपुढे बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे येते. मुरलेला आमदार उपप्रश्न विचारतो तो या ‘अंशतः’वर बोट ठेवून. पद रिक्त आहे हे मान्य असेल तर ते कोणत्या तारखेपासून, आणि त्या काळात केंद्रात प्रसूतीसाठी आलेल्या बायका कुठे गेल्या? इथे मंत्री अडखळला की अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात किंवा मंत्री चौकशीचे आश्वासन देतो.

आश्वासन दिले की विषय मिटला असा समज आहे, पण कागदावर तसे नाही. सभागृहात दिलेली आश्वासने गोळा करून त्यांचा पाठपुरावा करणारी शासकीय आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासन पुरे करण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. राज्यांतही अशा समित्या आहेत आणि थकलेल्या आश्वासनांचे ढीगही आहेत. विरोधकांच्या कामातला हा सर्वांत कंटाळवाणा भाग. त्यामुळेच तो सर्वांत दुर्लक्षित राहतो.

एखादा विषय तातडीचा असेल तर विधानसभेच्या नियम 105 खाली लक्षवेधी सूचना देतात. मंत्री त्यावर निवेदन करतो आणि सदस्य प्रश्न विचारतात. हे आयुध इतके लोकप्रिय आहे की अलीकडच्या काही वर्षांत एकेका दिवशी डझनावारी लक्षवेधी लागू लागल्या आणि त्यांच्यासाठी सकाळच्या विशेष बैठका घ्याव्या लागल्या. प्रत्येकीच्या वाट्याला मग काही मिनिटे येतात. स्थगन प्रस्ताव म्हणजे सगळे कामकाज थांबवून एकाच विषयावर बोलण्याची मागणी. ती क्वचितच मान्य होते, पण ती फेटाळताना झालेला गदारोळ विषय लोकांपर्यंत नेतो. विस्ताराने बोलायचे तर विधानसभेत नियम 293 आणि विधानपरिषदेत नियम 260 खालची चर्चा असते. अधिवेशनाच्या अखेरीस विरोधकांच्या हक्काचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो. त्यात कायदा सुव्यवस्थेपासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सर्व काही एकाच मजकुरात कोंबलेले असते. मुख्यमंत्री उत्तराला उभे राहतात तेव्हा त्यातले जे सोईचे असेल ते उचलतात.

खरी पकड पैशावर असते. अर्थसंकल्पातल्या प्रत्येक विभागाच्या मागणीवर कपात सूचना देता येते. लोकसभेच्या पद्धतीत ती तीन प्रकारची असते. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयाने कमी करा असे म्हणतात, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर 100 रुपयांनी, आणि उधळपट्टी दाखवायची असेल तर तेवढ्या रकमेने. रक्कम नाममात्र असली तरी ती मंजूर झाली तर सरकारवर अविश्वास व्यक्त झाल्यासारखेच होते. बहुमताचे सरकार असताना ती मंजूर होत नाही. तिचा उपयोग त्या खात्याचा कारभार चर्चेला आणण्यापुरता. बऱ्याच विभागांच्या मागण्या तर चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात.

पुरवणी मागण्या ही महाराष्ट्रातील विरोधकांची जुनी तक्रार आहे. मूळ अर्थसंकल्पात नसलेला खर्च वर्षाच्या मध्ये मंजूर करून घेण्याचा हा मार्ग घटनेच्या कलम 205 मध्ये आहे. तो अडीअडचणीसाठी आहे. 2024 च्या पावसाळी अधिवेशनात मात्र 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या, आणि त्यात लाडकी बहीण योजनेसाठीची 25,000 कोटींची तरतूदही होती. अर्थसंकल्प त्याच अधिवेशनात मांडला होता. मग एवढा खर्च त्यातच का धरला नाही, हा विरोधकांचा प्रश्न घोषणेपेक्षा जड होता. असेच पुरवणीचे डोंगर विरोधकांच्या सत्ताकाळातही उभे राहिले होते, हे सत्ताधाऱ्यांचे उत्तरही खोटे नव्हते.

सार्वजनिक सेवांवरच्या टीकेला सर्वांत पक्का आधार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांच्या अहवालांतून मिळतो. कलम 151 प्रमाणे हे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतात. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात मांडलेल्या राज्याच्या आरोग्य व्यवस्थेवरच्या अहवालात डॉक्टरांची चौथ्या हिश्श्याहून अधिक आणि परिचारिकांची एक तृतीयांशाहून अधिक पदे रिक्त असल्याचे नोंदवले होते. विरोधक हेच वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते. फरक एवढाच की आता ते कॅगच्या सही-शिक्क्याने आले. पण कॅगचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. चर्चेला वेळच उरत नाही. सत्तेत कोणीही असले तरी ही खोड बदलत नाही. पुढे अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. लोकसभेत 1967 पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे आणि राज्यांनीही तो बऱ्याच प्रमाणात स्वीकारला. समितीपुढे विभागाचे सचिव साक्षीला बोलावले जातात. तिथे कॅमेरा नसतो आणि घोषणाही नसतात. कदाचित म्हणूनच तिथली उत्तरे अधिक खरी असतात.

टीका कशी उभी राहते, कुठवर जाते आणि कुठे विरते, हे एकाच प्रकरणात पाहायचे असेल तर सिंचनाचे प्रकरण घ्यावे. राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी प्रसिद्ध करते. 2012 च्या पाहणीतल्या आकड्यांप्रमाणे एकूण पिकाखालील क्षेत्रात सिंचित क्षेत्राचे प्रमाण 2000-01 मध्ये 17.8 टक्के होते आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के. दहा वर्षांत वाढ 0.1 टक्के बिंदूंची. त्याच काळात सिंचन प्रकल्पांवर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवणे, एवढेच विरोधकांना करायचे होते. विधानसभेत एकनाथ खडसे आणि परिषदेत विनोद तावडे विरोधी पक्षनेते होते. जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी गैरव्यवहारांबद्दल लिहिलेल्या पत्राने आगीत तेल पडले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पाहणीतला क्षेत्राचा आकडा कृषी खात्याकडचा, तर प्रकल्पांची माहिती जलसंपदा खात्याकडची. एक खाते प्रत्यक्ष भिजलेली जमीन मोजते, दुसरे धरणात साठलेल्या पाण्यावर किती जमीन भिजू शकेल ते सांगते. 2009-10 हे पावसाच्या ओढीचे वर्ष होते. पण ज्या पाहणीत हा आकडा छापला ती सरकारचीच होती, आणि आपलाच आकडा चुकीचा असे म्हणणे सरकारला अवघड गेले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिकेची घोषणा केली. 25 सप्टेंबर 2012 रोजी, आधी जलसंपदा खाते सांभाळलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. श्वेतपत्रिका नोव्हेंबरअखेर आली आणि डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर, ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. चौकशीसाठी माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2013 मध्ये तावडे आणि भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस कागदपत्रांचे गठ्ठे बैलगाडीत घालून औरंगाबादला चितळे समितीकडे गेले. ही बैलगाडी त्या काळच्या वर्तमानपत्रांत झळकली.

2014 मध्ये फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी सुरू झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये फडणवीस व अजित पवार यांचा पहाटेचा शपथविधी झाला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी सिंचनाच्या काही फायली बंद झाल्याचे समोर आले. जुलै 2023 पासून दोघे पुन्हा एकाच मंत्रिमंडळात बसले. आरोप करणारे आणि ज्यांच्यावर आरोप झाले ते एका पंगतीला आले की टीकेचे काय होते, याचे इतके ठसठशीत उदाहरण राज्याच्या राजकारणात दुसरे नाही. सर्वांत बोलकी गोष्ट मात्र आर्थिक पाहणीतच सापडते. 2012 नंतर कितीतरी वर्षे सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या रकान्यात आकडाच आला नाही, ‘उपलब्ध नाही’ एवढेच छापले गेले. विरोधकांच्या हाती शस्त्र देणारा आकडा छापणे थांबले आणि पुढच्या प्रत्येक विरोधी पक्षाचे काम त्यामुळे अवघड झाले.

आरोग्यसेवेवरची टीका वेगळ्या वळणाने जाते. तिथे आकडा आर्थिक पाहणीतून येत नाही, मृत्यूंच्या नोंदवहीतून येतो. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालके होती. 48 तासांत ही संख्या 31 वर गेली. विरोधकांनी औषधटंचाई, रखडलेली खरेदी आणि रिक्त पदांकडे बोट दाखवले. सरकारचे म्हणणे असे की बरेच रुग्ण खासगी रुग्णालयांतून शेवटच्या घटकेला पाठवले गेले होते. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. लहान गावांत सुविधा नसली की अत्यवस्थ रुग्ण जिल्ह्याला येणारच, आणि जिल्ह्याला मनुष्यबळ नसेल तर मृत्यू तिथेच मोजले जाणार. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा व तरतुदीचा तपशील मागवला. जो तपशील सभागृहात ‘माहिती घेऊन सांगतो’वर अडकला असता तो प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेले अशोक चव्हाण त्या रुग्णालयात धावून गेले होते. रुग्णालय त्यांच्या वडिलांच्या नावाचे. चार महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, ते भाजपमध्ये गेले.

एसटीच्या बाबतीत टीका करणाऱ्यांची परीक्षा लवकर झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप पाच महिन्यांहून अधिक चालला. मागणी महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण करण्याची होती आणि विरोधी भाजपचे काही नेते आझाद मैदानावर संपकऱ्यांबरोबर बसले होते. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले. जून 2022 मध्ये सरकार बदलले. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, पण विलीनीकरण झाले नाही. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले तेव्हा टीकेची पाळी दुसऱ्या बाजूची होती. विरोधात असताना मागायचे आणि सत्तेत आल्यावर विसरायचे, हा दोष कोणा एका पक्षाचा नाही. मतदार तो ओळखतात, म्हणूनच विरोधकांची खरी तक्रारही अनेकदा ‘राजकारण’ म्हणून झटकली जाते.

याच विधिमंडळाचा एक वेगळा काळही आहे. 1972 च्या दुष्काळात शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट मोर्चे काढत होते, आणि सभागृहात मजुरी व कामांबद्दल सरकारला घेरत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात आला, यात सत्ताधाऱ्यांइतकाच विरोधकांचा वाटा होता. गोरेगावच्या मृणाल गोरे यांची ओळख ‘पाणीवाली बाई’ अशी झाली ती मुंबई महापालिकेत आणि नंतर विधानसभेत त्यांनी नळाच्या पाण्यासाठी केलेल्या भांडणांमुळे. पुढे त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. तालुक्याच्या पाण्याचा विषय त्यांनी अर्धशतकभर सोडला नाही. चिकाटीने एकच विषय लावून धरण्याची ही रीत आता दुर्मीळ झाली आहे, आणि त्याला विरोधकांचा आळस जेवढा कारण आहे तेवढेच अधिवेशनांचे आक्रसणेही.

1953 च्या नागपूर करारामुळे एरवी दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात होते. 2024 चे नागपूर अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर असे आठवडाभरच चालले. करोनाकाळात तर दोन-दोन दिवसांची अधिवेशने झाली. जुलै 2021 च्या अशाच एका अधिवेशनात भाजपचे 12 आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले आणि जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवून रद्द केले. दिवस कमी असले की प्रश्नोत्तरे आणि लक्षवेधी आक्रसतात, सरकारी विधेयके मात्र बहुतेक सगळी मंजूर होतात.

त्यात भर पडली ती रिकाम्या खुर्चीची. विरोधी पक्षनेत्याला 1978 च्या राज्य कायद्याने कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, वेतन व कार्यालय मिळते. सभागृहात बोलण्याला अग्रक्रम मिळतो. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत 288 पैकी शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला 10 जागा मिळाल्या. एक दशांश, म्हणजे 29, कोणाकडेच नव्हत्या आणि पद रिक्त राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर परिषदेतलेही पद रिकामे झाले, आणि डिसेंबर 2025 चे अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडले. एक दशांशाचा दंडक ही लोकसभेतली जुनी प्रथा आहे. राज्याच्या कायद्यात टक्केवारी लिहिलेली नाही. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी तीनच जागा असताना भाजपच्या नेत्याला हे पद मिळाले. गोव्यात 2022 मध्ये 11 पैकी आठ काँग्रेस आमदार भाजपत गेले, तरी उरलेल्या तिघांतील युरी आलेमाव 40 जणांच्या सभागृहात विरोधी पक्षनेते झाले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने ही अडचण आधीच धरली आहे. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीपुरते, मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्यालाच तो मानावे, असे कलम 15 मध्ये लिहिले आहे. महाराष्ट्राच्या 1978 च्या कायद्यात मात्र मान्यता देणे अध्यक्ष आणि सभापतींच्या हाती आहे.